कधी येणार आणि कशासाठी येणार

संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आणि त्या निमित्ताने आपल्याकडेही व्याख्यानांचा आणि परिसंवादांचा सुकाळ झाला. त्यांतली बरीच मी ऐकली, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वाद त्याच त्या खोबणीत फिरताना दिसला. तो वाद आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळींत उरकला होता. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी संदेश पुढे ढकलला की क्वांटम संगणक आला की ओटीपी आणि पासवर्ड निकामी होणार, तेव्हा मुदत ठेवी सांभाळा. त्यावर एका तरुण अभियंत्याचे उत्तर आले की काका, गेली तीस वर्षे तो ‘येत्या दहा वर्षांत’ येतो आहे, निश्चिंत झोपा. टीव्हीवरच्या तज्ज्ञांचे वाद ऐकताना मला वारंवार वाटले की ही मंडळी याहून फार पुढे गेलेली नाहीत. दोन्ही बाजू चुकतात असे माझे मत आहे, आणि त्यांची चूक एकच आहे: हे यंत्र कधी येणार यावर दोघे भांडतात आणि ते कोणत्या कामासाठी हवे आहे, हे कुणीच विचारत नाही. हा दुसरा प्रश्न नेटाने लावून धरला तर पहिल्याचा बराचसा फुगा आपोआप खाली बसतो. हे दाखवायला हुआन इग्नासियो सिराक या स्पॅनिश सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाच्या कामाइतका चांगला दाखला मला सापडलेला नाही. क्वांटम संगणकाच्या बाजूने आणि त्याच्याविषयीच्या अतिरंजित दाव्यांविरुद्ध जी सर्वांत धारदार हत्यारे आज उपलब्ध आहेत, त्यांतली काही एकाच माणसाच्या टेबलावर घडली आहेत.

सिराक यांचा जन्म 1965 मध्ये बार्सिलोनाजवळच्या मान्रेसा गावी झाला. माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठातून 1991 मध्ये डॉक्टरेट मिळवून ते सिउदाद रेआल येथे शिकवू लागले. ला मांचाच्या सपाट प्रदेशातले हे आटोपशीर शहर. तिथले विद्यापीठही 1980 च्या दशकात सुरू झालेले, म्हणजे अगदी कोवळे. त्याच सुमारास ऑस्ट्रियाचे पीटर त्सोलर यांच्याशी त्यांचे सहकार्य जुळले आणि ते पुढे दशकानुदशके टिकले. 1994 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बोल्डर येथे अणुभौतिकीची एक मोठी परिषद भरली होती. तिथे आर्तुर एकर्ट यांनी आपल्या व्याख्यानात सांगितले की पीटर शोर यांच्या नव्या पद्धतीने मोठ्या संख्येचे अवयव क्वांटम संगणकावर झपाट्याने पाडता येतील, मात्र असा संगणक कशाचा आणि कसा बांधायचा, हे कुणालाच ठाऊक नाही. श्रोत्यांत सिराक आणि त्सोलर होते. मे 1995 मध्ये त्या दोघांचा चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि बांधायचा कसा, याचे पहिले नेमके उत्तर त्यात होते.

ते उत्तर थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. निर्वात पेटीत विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने काही आयन, म्हणजे एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतलेले अणू, एका रांगेत अधांतरी धरून ठेवायचे. शेजारच्या दोघांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावे इतकेच, पण लेसरचा किरण दोघांपैकी नेमक्या एकावर पाडता येईल एवढे अंतर. प्रत्येक आयनाच्या दोन ऊर्जापातळ्या म्हणजे त्याचे शून्य आणि एक. आता एका आयनाने दुसऱ्याशी बोलावे कसे? सर्वांवर धन प्रभार असल्याने ते एकमेकांना रेटत असतात; म्हणून त्यांतला एक हलला की सगळी रांग हलते, जसा वाळत घातलेल्या एका धोतराला झटका दिला की अख्खी दोरी हेलकावते. सिराक आणि त्सोलर यांनी त्या हेलकाव्यालाच निरोप्या केले. पहिल्या आयनाची अवस्था लेसरने रांगेच्या कंपनात उतरवायची, त्या कंपनानुसार दुसऱ्या आयनात बदल घडवायचा, आणि शेवटी निरोप पहिल्याकडे परत न्यायचा. ‘पहिला एक असेल तरच दुसरा बदल’ हे संगणनातले मूलभूत पाऊल त्यातून मिळते. या निबंधात कोणतेही नवे मूलद्रव्य नव्हते किंवा नवे बल नव्हते. आयन पकडणे, त्यांना लेसरने थंड करणे, हे सारे घड्याळे बनवणाऱ्या प्रयोगशाळांना येतच होते, आणि म्हणूनच त्याच वर्षी डेव्हिड वाइनलंड यांच्या बोल्डरमधल्या गटाने एका बेरिलियम आयनावर या कल्पनेचा गाभा प्रत्यक्ष करून दाखवला.

संशयवाद्यांची बाजू आधी घेतो, कारण ती सवंग नाही. या क्षेत्रावर पहिला कडवा आक्षेप बाहेरच्या कुणी टवाळाने घेतलेला नव्हता. सर्ज अरोश आणि झाँ-मिशेल रेमाँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये उघड विचारले होते की हे स्वप्न आहे की दुःस्वप्न. त्यांचा मुद्दा साधा होता: क्वांटम अवस्था इतकी नाजूक असते की भोवतालचा जरासा स्पर्शही तिला मोडतो, आणि लक्षावधी पावलांची आकडेमोड होईपर्यंत ती टिकवणे मोठ्या प्रमाणावर अशक्यप्राय आहे. आयबीएमचे रॉल्फ लँडाउअर यांनीही हाच इशारा वारंवार दिला. पुढे घडलेही बरेचसे त्यांच्या भीतीला धरूनच. 1995 च्या निबंधातली दोन आयनांमधली क्रिया जशीच्या तशी घडवायला इन्सब्रुकच्या राइनर ब्लाट यांच्या गटाला 2003 उजाडले, आणि तेव्हाही तिची अचूकता सत्तरीच्या घरात होती. कारकुनाने दर चार नोंदींतली एक चुकवावी, तसे. शिवाय मूळ पद्धतीत रांगेचे कंपन जवळजवळ पूर्ण थांबवावे लागते. ही अट जाचक ठरल्याने 1999 मध्ये सोरेनसेन आणि मोल्मर यांनी सुचवलेली अधिक सोशीक पद्धत प्रयोगशाळांनी उचलली. आज आयनांवर चालणाऱ्या यंत्रांत सिराक-त्सोलर यांची मूळ कृती क्वचितच वापरली जाते. सोसायटीतल्या त्या तरुण अभियंत्याला हे सगळे सांगितले असते तर तो म्हणाला असता, मग माझे काय चुकले?

चुकले ते मोजमाप. तीस वर्षांत दुकानात यंत्र आले नाही, म्हणून तीस वर्षे वाया गेली, हा हिशेब फक्त विक्रेत्याच्या वहीत बरोबर ठरतो. 2003 मध्ये चारांत एक चूक करणारी क्रिया आज उत्तम प्रयोगशाळांत हजारात एकाहून कमी चुका करते. चुका दुरुस्त करण्याची तत्त्वे 1995-96 मध्येच शोर आणि अँड्र्यू स्टीन यांनी मांडली होती. क्यूबिट, म्हणजे त्या आयनांसारखे शून्य आणि एक एकाच वेळी धरू शकणारे घटक, वाढवले की दुरुस्तीनंतर उरणारी चूक खरोखर घटते, हे 2024 च्या अखेरीस गूगलच्या 105 क्यूबिटच्या चिपवर दिसले. याहून मोलाची गोष्ट संगणकाच्या वादात कधी येतच नाही, ती घड्याळांची. अ‍ॅल्युमिनियमचा आयन कालमापनासाठी फार गुणी असतो, पण त्याची अवस्था लेसरने थेट वाचणे कठीण. वाइनलंड यांच्या गटाने त्याच्या शेजारी वाचायला सोपा असा दुसऱ्या मूलद्रव्याचा आयन बसवला आणि दोघांच्या सामाईक हेलकाव्यातून निरोप काढून घेतला. हा निरोप्या कोणत्या घरचा, हे वाचकाने ओळखले असेलच. 2010 मध्ये अशा दोन घड्याळांपैकी एक सुमारे 33 सेंटिमीटर उचलले, तर आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार वरचे घड्याळ किंचित जलद चालल्याचे मोजता आले. स्वयंपाकघराच्या स्टुलाएवढीही ती उंची नाही. ज्या क्षेत्रातून काहीच निघाले नाही असे म्हटले जाते, त्यातून निघालेली ही एक वस्तू.

आता उत्साही मंडळींकडे वळतो. त्यांचा लाडका आकडा सर्वांनी ऐकलेला असतो. 50 क्यूबिटच्या अवस्थेचे पूर्ण वर्णन करायला दोनाचा पन्नासावा घात, म्हणजे सव्वाअकरा कोटी कोटी संख्या लागतात. 300 क्यूबिट झाले की त्या संख्या दृश्य विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त होतात. आकडा खोटा नाही. रिचर्ड फाइनमन यांनी 1981 च्या व्याख्यानात याच अडचणीवर बोट ठेवून म्हटले होते की निसर्ग क्वांटम नियमांनी चालतो, तर त्याची नक्कलही क्वांटम यंत्रावरच करावी. मात्र या आकड्यावरून ‘म्हणून हे यंत्र सर्व संगणकांना मागे टाकणार’ असा जो निष्कर्ष व्यासपीठावरून काढला जातो, तो त्यातून निघत नाही; आणि तो का निघत नाही, हे ज्यांनी समजावले त्यांत सिराक पुढच्या रांगेत आहेत.

2001 पासून सिराक म्युनिकजवळच्या गार्शिंग येथील माक्स प्लांक क्वांटम प्रकाशशास्त्र संस्थेच्या सिद्धांत विभागाचे संचालक आहेत. तिथे त्यांनी फ्रँक व्हरस्ट्राटे आणि इतर सहकाऱ्यांबरोबर टेन्सर नेटवर्क नावाच्या गणिती तंत्रावर मोठे काम केले. त्याचे बीज स्टीव्हन व्हाइट यांच्या 1992 च्या पद्धतीत होते. व्हरस्ट्राटे आणि सिराक यांनी 2004 मध्ये ते एका रांगेपुरते न ठेवता पृष्ठभागावर पसरलेल्या कणांपर्यंत नेले. त्यामागची जाण अशी. सव्वाअकरा कोटी कोटी संख्यांनी दाखवता येईल अशी प्रत्येक अवस्था निसर्ग वापरत नाही. कण फक्त शेजाऱ्यांशी देवघेव करत असतील आणि पदार्थ थंड असेल, तर कोणत्याही तुकड्याचे उरलेल्याशी असलेले गुंतलेपण, म्हणजे एकाची अवस्था दुसऱ्याला वगळून सांगता न येणे, सहसा त्याच्या सीमेपुरते राहते, त्याच्या पोटातल्या सगळ्या कणांपर्यंत पोचत नाही. शहरात लाखो माणसे असली तरी कुणाच्या घरात काय चालले आहे, हे भिंतीला भिंत असलेल्यांनाच जास्त माहीत असते, तसेच. त्यामुळे त्या अवाढव्य संख्यासमुद्राचा एक छोटा कोपरा नीट लिहून काढता आला की पुष्कळ वेळा काम भागते, आणि तो कोपरा आपल्या साध्या संगणकात मावतो.

याचा अर्थ काय झाला? क्वांटम संगणकाची पहिली व्यवहार्य रचना देणाऱ्या माणसानेच, तो संगणक नसेल तर कुठवर भागू शकते, हेही शोधत नेले. वादातल्या दोन्ही बाजूंना हे पचत नाही, म्हणून दोघेही त्याकडे काणाडोळा करतात. गूगलने 2019 मध्ये दावा केला की 53 क्यूबिटच्या यंत्राने 200 सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला 10,000 वर्षे लागतील. आयबीएमने लगेच अडीच दिवसांचा अंदाज दिला, आणि दोन-तीन वर्षांत चिनी संशोधकांनी टेन्सर नेटवर्क वापरून तेच काम काही तासांवर आणले. 2023 मध्ये आयबीएमने 127 क्यूबिटच्या यंत्रावरचा प्रयोग ‘उपयुक्ततेचा पुरावा’ म्हणून मांडला, तर काही आठवड्यांतच साध्या संगणकांवर टेन्सर पद्धतींनी तितकीच किंवा अधिक अचूक उत्तरे काढून दाखवली गेली. या प्रसंगांत कुणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. यंत्रे खरी होती आणि प्रयोग कौतुकास्पद होते. फक्त ‘अशक्य’ हा शब्द स्पर्धकाला पुरता न तपासता वापरला गेला. पैलवानाला चितपट केले म्हणायचे तर समोरचा पैलवान आखाड्यात उतरलेला हवा.

मग यंत्र हवे कशाला? टेन्सर पद्धती जिथे हात टेकतात, तिथे. गुंतलेपण वाढतच जाते अशा ठिकाणी तो छोटा कोपरा पुरेनासा होतो: एखाद्या पदार्थाला धक्का दिल्यानंतर पुढे बराच काळ त्यात काय घडत जाते, पातळ थरांतले इलेक्ट्रॉन एकमेकांवर जोराने परिणाम करत असताना काय होते, उच्च तापमानाच्या अतिवाहकांत, म्हणजे विरोधाविना वीज वाहू देणाऱ्या पदार्थांत, नेमके काय शिजते, ही त्यातली ठळक कोडी. इथे सिराक यांचे दुसरे मोठे काम येते. यख्श, ब्रुडर, गार्डिनर आणि त्सोलर यांच्याबरोबर त्यांनी 1998 मध्ये दाखवले की लेसर एकमेकांवर सोडून प्रकाशाचीच अंडी ठेवायच्या खोक्यासारखी जाळी बनवता येईल, तिच्या खळग्यांत अतिथंड अणू बसवता येतील, आणि प्रकाशाची तीव्रता वाढवत नेली की मुक्तपणे वाहणारे अणू अचानक आपापल्या खळग्यात जखडले जातील. 2002 मध्ये इमान्युएल ब्लोख, तेओडोर हेन्श आणि सहकाऱ्यांनी म्युनिकमध्ये हे प्रत्यक्ष घडवले. कागद ते प्रयोग, चार वर्षे. हे सर्वकामी यंत्र नव्हे. एका जातीच्या प्रश्नासाठी केलेले ते क्वांटम प्रतिरूप आहे. इथे प्रश्न आधी आला आणि यंत्र त्याच्या मापाने बेतले गेले, आणि हे क्षेत्र आजवर जिथे जिथे सरळ पुढे सरकले आहे, तिथे बहुधा असेच झालेले दिसते.

राहिले त्या काकांच्या मुदत ठेवींचे. भीती पूर्ण निराधार नाही. आज चोरून साठवलेला गुप्त मजकूर वीस वर्षांनी उलगडला जाऊ शकतो, आणि लष्करी कागदपत्रांना किंवा आरोग्याच्या नोंदींना वीस वर्षे म्हणजे फार काळ नव्हे. मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड असते या भरवशावर उभे असलेले 2048 बिटांचे आरएसए कुलूप फोडायला दोन कोटी क्यूबिट लागतील, हा 2019 चा अंदाज 2025 मध्ये दहा लाखांहून खाली आला आहे, हेही नाकारून चालणार नाही. परंतु यावर उपाय काय? क्वांटम यंत्राला फोडता येणार नाहीत असा विश्वास असलेली नवी कुलपे गणितज्ञांनी तयार केली, अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये त्यांपैकी तीन प्रमाणित केली, आणि ती तुमच्याआमच्या फोनवर चालतात. ती बसवायचे काम आजच सुरू झाले पाहिजे, पण त्यासाठी एकही क्यूबिट लागत नाही. आयन, अतिवाहक आणि लेसरांवर खर्च करावा म्हणून सर्वांत मोठ्याने जे कारण सांगितले जाते, तेच त्या खर्चाचे सर्वांत लंगडे समर्थन आहे.

यावर एक प्रामाणिक प्रश्न उरतो. उपयोग इतका मोजका आणि इतका दूर असेल, तर आपण पैसे का घालावेत? श्रीमंत देशांनी बनवावे, आपण विकत घ्यावे. हा प्रश्न सिराक यांच्या देशाला फार जुना आहे. 1906 मध्ये मिगेल दे उनामुनो या मोठ्या स्पॅनिश विचारवंताने लिहिले की शोध त्यांना लावू द्या. विजेचा दिवा जिथे शोधला गेला तिथल्याइतकाच इथेही चांगला उजेड देतो. युक्तिवादात दम आहे, हे आधी मान्य करू. तयार दिव्यासाठी तो अगदी खरा आहे, आणि दवाखान्यात औषधे अपुरी असलेल्या समाजाने तो हसण्यावारी नेऊ नये. मात्र तो अपुऱ्या, वादग्रस्त, अजून घडत असलेल्या वस्तूला लावता येत नाही. दिवा पेटतो की नाही हे डोळ्यांना दिसते. 53 क्यूबिटचा दावा खरा की फुगवलेला, हे सांगायला टेन्सर नेटवर्क जाणणारा माणूस लागतो. तशी पारख असलेली माणसे घरात नसतील, तर विक्रेता सांगेल ती किंमत द्यावी लागते.

स्पेनने उनामुनोंचे पुरते ऐकले नाही, ही त्याची पुण्याई. त्याच 1906 मध्ये सांतियागो रामोन इ काहाल यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखाली तरुण संशोधकांना परदेशी धाडणारे मंडळ स्थापन झाले. त्यातूनच ब्लास काब्रेरा हे भौतिकशास्त्रज्ञ झुरिकला पिएर व्हाइस यांच्याकडे चुंबकत्वावर काम करायला गेले आणि परतून त्यांनी माद्रिदमध्ये, 1932 नंतर तर नव्या सुसज्ज इमारतीत, एक पिढी घडवली. यादवी युद्धानंतर मंडळ बरखास्त झाले आणि काब्रेरा 1945 मध्ये मेक्सिकोत, हद्दपारीत वारले. ती घडी पुन्हा बसायला दशके लागली. विज्ञानविषयक नवा कायदा आला तो 1986 मध्ये, सिराक पदवीचे शिक्षण घेत असताना. त्यांनी आपले बहुतेक नावाजलेले काम ऑस्ट्रियात आणि जर्मनीत केले, हे स्पेनला आजही टोचते, आणि तसे टोचणे रास्तही आहे.

आपल्या सरकारने एप्रिल 2023 मध्ये 6003.65 कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. आठ वर्षांत वाटले तर वर्षाला सुमारे 750 कोटी. या रकमेला माझा विरोध नाही. मिशनच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे, म्हणजे त्या 33 सेंटिमीटरच्या घड्याळाच्या जातीचे काम तिथे होऊ शकते, आणि ते मला सर्वांत भरवशाचे वाटते. संगणकाच्या बाबतीत मात्र जाहीर झालेले उद्दिष्ट आहे आठ वर्षांत 50 ते 1000 भौतिक क्यूबिट. या वाक्यात संख्या आहे; दर हजार क्रियांमागे किती चुका चालतील याचा उल्लेख नाही, आणि त्या क्यूबिटांकडून टेन्सर पद्धतींना न जमणारा कोणता प्रश्न सोडवून घ्यायचा, याचाही नाही. पुढच्या आढाव्याच्या वेळी खासदारांनी आणि पत्रकारांनी किती क्यूबिट झाले, हे जरूर विचारावे, पण त्यापाठोपाठ हे दोन प्रश्नही विचारावेत. इन्सब्रुकच्या 2003 च्या प्रयोगात क्यूबिट अवघे दोन होते.